मानेला हिसका बसल्यानंतरची चक्कर : तपासणी नेमकी कशी करायची

गाडीला मागून धडक बसते तेव्हा सीटमुळे धड पुढे ढकललं जातं आणि डोकं क्षणभर जागच्या जागी राहतं. तेवढ्यात मान आधी मागे आणि मग पुढे हिसकली जाते. हाच व्हिपलॅश. पुढच्या एक-दोन दिवसांत मान आखडते, दुखते, डोकं ठणकतं. रुग्ण तपासायला येतो तो मानेसाठी. सगळं सांगून झाल्यावर उठता उठता म्हणतो, "आणि हो, मधूनमधून चक्करही येते."

त्या शेवटच्या वाक्यापासून पुढे काय करायचं, त्याबद्दल हा लेख आहे. तो मुख्यतः फिजिओथेरपिस्ट आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांसाठी लिहिला आहे. रुग्णाने वाचला तर आपल्याला हे सगळं का विचारतात ते त्याला कळेल, पण यातल्या चाचण्या घरी करून पाहू नयेत.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे क्रमाचा. "चक्कर मानेमुळे येते" हे निदान सर्वात शेवटी करायचं असतं. ते सिद्ध करणारी एकही चाचणी नाही, बाकीची कारणं तपासून बाजूला ठेवल्यावरच ते करता येतं. शिवाय पुढच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये मान वळवावी लागते. ती वळवणं सुरक्षित आहे की नाही, हे आधी ठरलेलं असायला हवं.

मान आणि तोल यांचा संबंध

आपण कुठे आहोत, डोकं कुठे वळलं आहे, याची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते : डोळे, आंतरकर्ण आणि मान. कवटीच्या बुडाशी असलेल्या लहान स्नायूंमध्ये ताण मोजणारे संवेदक शरीरातल्या इतर स्नायूंच्या मानाने फार दाट असतात. मानेच्या वरच्या तीन मणक्यांच्या पातळीवरून निघणारे हे संदेश मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या केंद्रकांपर्यंत पोचतात. तिथे कानाच्या आणि डोळ्यांच्या खबरीशी त्यांचा मेळ घातला जातो. हिसक्यानंतर दुखणारे, आखडलेले स्नायू चुकीची खबर देऊ लागले की हा मेळ बसत नाही. म्हणूनच मानेतून येणारी चक्कर सहसा गरगरणारी नसते. तरंगल्यासारखं, झोक गेल्यासारखं, पाय नीट टेकत नसल्यासारखं वाटतं.

पण त्याच हिसक्याने आंतरकर्णातले तोल सांभाळायला मदत करणारे बारीक कण निसटू शकतात, मेंदूला धक्का बसून कन्कशन होऊ शकतं, मानेतल्या धमनीच्या अस्तराला चीर पडू शकते. वेदनाशामक गोळ्यांनी घेरी येऊ शकते. अपघाताच्या धास्तीनेही माणूस अस्थिर होतो. एकाच रुग्णात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

पहिली पायरी : हात लावण्याआधी धोक्याच्या खुणा

अपघात ताजा असेल आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल तर मानेच्या मणक्यांचं इमेजिंग (एक्स-रे, सीटी) लागेल की नाही हे ठरवणारा कॅनेडियन सी-स्पाइन नियम वापरा. वय ६५ किंवा त्याहून जास्त, गंभीर स्वरूपाचा अपघात, हातापायांत मुंग्या, यांपैकी एकही गोष्ट असेल तर आधी इमेजिंग. गंभीर म्हणजे ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाची धडक, गाडी उलटणं, गाडीबाहेर फेकलं जाणं, तीन फूट किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर सरळ भार येणं. हे काहीच नसेल, तर मान हलवून पाहणं सुरक्षित आहे असं सुचवणारी निदान एक तरी खूण शोधा : साधी मागून बसलेली धडक, रुग्ण स्वतः चालत आलेला, दुखणं उशिरा सुरू झालेलं, मणक्यावर मधोमध दाबल्यास न दुखणं. तशी खूण मिळाली तरच मान दोन्ही बाजूंना ४५ अंश स्वतःहून वळवायला सांगा. वळत नसेल तर इमेजिंग. खूण मिळाली नाही तर मान वळवायला न सांगताच इमेजिंग.

यानंतर धमनी. इथे मी सर्वात जास्त वेळ देतो. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या व्हर्टिब्रल किंवा कॅरॉटिड धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली, की सुरुवातीला फक्त मान आणि डोकं दुखतं. मेंदूच्या रक्तपुरवठ्याची लक्षणं काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. रुग्ण तरुण असू शकतो, धडक किरकोळ असू शकते. म्हणून प्रश्न थेट विचारा : "असं दुखणं याआधी कधी झालं होतं का?" "असं कधीच दुखलं नव्हतं" हे उत्तर आलं की कान टवकारा. मग एकेक विचारत जा : एकाच्या जागी दोन दिसतात का, बोलताना जीभ जड होते का, घास गिळताना अडकतो का, चेहरा बधिर होतो का, चालताना एका बाजूला झोक जातो का, पाय अचानक गळून पडायला झालं का. त्याचवेळी चेहऱ्याकडे नीट पाहा. एक पापणी खाली आली आहे का? त्या बाजूची बाहुली लहान आहे का? यातलं काहीही आढळलं तर तपासणी तिथेच थांबवा आणि रुग्णाला तातडीने अशा ठिकाणी पाठवा जिथे रक्तवाहिन्यांचं सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी होऊ शकते.

मान मागे टाकून आणि वळवून धरायची आणि चक्कर येते का पाहायचं, ही "धमनीची चाचणी" अजूनही काही ठिकाणी शिकवली जाते. ती करू नका. ती नकारात्मक आली म्हणून धमनी सुखरूप आहे असं म्हणता येत नाही, आणि चीर असेल तर आपणच तिच्यावर ताण देतो.

मानेच्या वरच्या अस्थिबंधांना इजा झाल्याचा संशय केव्हा घ्यायचा? डोकं हाताने धरून ठेवावंसं वाटतं, मान वाकवली की दोन्ही हातांत किंवा पायांत करंट जातो, मान हलवताना जीभ किंवा ओठांभोवती बधिरपणा येतो, अशा तक्रारी असतील तेव्हा. संधिवातासारखा सांध्यांचा जुना आजार असेल तर हा संशय आणखी पक्का. हाताने करायच्या अस्थिबंधांच्या चाचण्या इथे अनुभव नसताना करून पाहण्यात अर्थ नाही, इमेजिंग मागवा.

आणखी काही खुणा : वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी. कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, कानामागे काळंनिळं पडणं. एका कानाने अचानक कमी ऐकू येणं. शेवटच्या तक्रारीकडे "कान बंद झाला असेल" म्हणून दुर्लक्ष होतं. पण अचानक आलेला बहिरेपणा कान-नाक-घसा तज्ज्ञाने तातडीने पाहायला हवा, त्यात आठवडे घालवून चालत नाही.

दुसरी पायरी : "चक्कर" म्हणजे काय, ते रुग्णाकडूनच काढून घ्या

आपल्या भाषेत यासाठी शब्दांची चंगळ आहे. गरगरतं, भोवळ येते, घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झोक जातो, डोकं हलकं होतं, जमीन हलल्यासारखी वाटते. रुग्णाला स्वतःचा शब्द वापरू द्या आणि तो जसाच्या तसा लिहून घ्या. नोंदीत "चक्कर ++" एवढंच लिहिणं म्हणजे त्याने दिलेली माहिती फेकून देणं.

मात्र फक्त शब्दावर निदान उभारू नका. आज "गरगरतं" म्हणणारा माणूस आठवड्याने त्याच लक्षणाला "घेरी" म्हणतो. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने येते, या दोन गोष्टी जास्त भरवशाच्या असतात.

अंथरुणात कूस बदलताना, झोपताना-उठताना, वरच्या फळीवरचं काढताना काही सेकंद जोरात गरगरत असेल, तर आधी कान तपासा. मान दुखते तेव्हाच येते, मानेबरोबर वाढते, मानेबरोबर उतरते आणि काही मिनिटं ते काही तास राहते, असं असेल तर मानेकडे बोट जातं. उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर रक्तदाब. गर्दीत, मोबाइलवर स्क्रोल करताना, चालत्या गाडीतून बाहेर पाहताना त्रास वाढत असेल आणि सोबत विसरभोळेपणा, प्रकाशाचा त्रास असेल, तर कन्कशनचा विचार करा. डोक्याला मार लागलेला नसला तरीही करा, कारण नुसत्या हिसक्यानेही मेंदूला धक्का बसू शकतो. खोकताना, जोर करताना किंवा मोठ्या आवाजाने चक्कर येत असेल तर आंतरकर्णातून द्रव झिरपत असण्याची शक्यता आहे, तो रुग्ण कानाच्या तज्ज्ञाकडे जायला हवा.

औषधांची यादी नावानिशी पाहा. ट्रॅमाडोल, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, अमिट्रिप्टिलीन, प्रिगॅबॅलिन, यांपैकी काय आणि कधी सुरू झालं? चक्कर त्याच्या आधीची की नंतरची? मायग्रेनचा इतिहास विचारा. झोप कशी आहे ते विचारा. अपघाताचं दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं का, गाडीत बसायची भीती वाटते का, हेही सरळ विचारा. बहुतेक रुग्णांना हे सांगायचंच असतं, कुणी विचारलेलं नसतं.

चक्करीमुळे रोजचं जगणं किती अडतं हे मोजायला डिझिनेस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही २५ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे, गुण ० ते १००. कारण काय ते ती सांगत नाही. पण महिन्याने सुधारणा झाली की नाही, ते तिच्यावरून कळतं.

तिसरी पायरी : मान न हलवता जेवढं तपासता येईल तेवढं

रक्तदाब आधी. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याची नोंद करा. मानेच्या अपघातानंतर ही साधी तपासणी सर्रास राहून जाते.

नंतर चेहऱ्याच्या आणि डोळ्यांच्या चेतातंतूंची पूर्ण तपासणी, हातापायांची ताकद, संवेदना, रिफ्लेक्स, नाकाला बोट लावायला सांगणं, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालवणं.

डोळ्यांच्या हालचालींना वेळ द्या. डोकं स्थिर ठेवून बोटाच्या मागे नजर फिरवायला सांगा. बुबुळं सलग सरकतात की अडखळत, टप्प्याटप्प्याने? दोन ठिपक्यांमध्ये नजर झटकन नेता येते का? बोट नाकाकडे आणत जा आणि एकाचे दोन कुठे दिसतात ते मोजा. हे अंतर ५-६ सेंटीमीटरहून जास्त असेल तर डोळे जवळ आणण्यात अडचण आहे, आणि कन्कशननंतर ती बरेचदा आढळते. बुबुळांचे आपोआप बसणारे झटके, म्हणजे निस्टॅग्मस, सरळ पाहताना आहे का, बाजूला पाहताना दिशा बदलतो का? उजवीकडे पाहताना उजवीकडे आणि डावीकडे पाहताना डावीकडे झटके बसत असतील, किंवा सरळ खालच्या दिशेने बसत असतील, तर मेंदूकडे लक्ष द्या आणि रुग्णाला पुढे पाठवा.

इथे हिंट्स तपासणीबद्दल, म्हणजे चक्कर कानाची की मेंदूची हे डोळ्यांच्या हालचालींवरून ओळखायच्या तपासणीबद्दल, एक गोष्ट. ती फक्त अशा रुग्णासाठी आहे ज्याला आत्ता, या क्षणी सलग गरगरत आहे आणि निस्टॅग्मस दिसतो आहे. येऊन-जाऊन चक्कर येणाऱ्या माणसावर ती केली तर निष्कर्ष उलटा निघतो. शिवाय तिच्यात डोक्याला झटका द्यावा लागतो, आणि नुकत्याच दुखावलेल्या मानेला तो देणं मला योग्य वाटत नाही. कानाचा प्रतिसाद पाहायचाच असेल तर, मान परवानगी देत असताना, डोकं लहान कोनात, सेकंदाला साधारण दोनदा डावी-उजवीकडे हलवत दृष्टितक्ता वाचायला लावा. स्थिर डोक्याच्या तुलनेत तीन किंवा जास्त ओळी गमावल्या तर आंतरकर्णाची पुढची तपासणी हवी.

चौथी पायरी : कानातले कण, मानेला न दुखवता

ही पायरी कधीही वगळू नका. मी स्वतः पूर्वी ती वगळली आहे. मान दुखते, अपघात झाला आहे, चक्कर मानेचीच असणार असं धरून एका रुग्णाच्या मानेवर कित्येक आठवडे उपचार करत राहिलो. तिला फक्त कूस बदलताना गरगरायचं, आणि हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कण जागेवर नेणारी क्रिया केल्यावर तिचं गरगरणं थांबलं. तेव्हापासून व्हिपलॅशच्या चक्करीत ही तपासणी मी नेहमी करतो.

नेहमीच्या डिक्स-हॉलपाइक चाचणीत मान वळवून मागे लोंबकळवावी लागते, ती इथे अडचणीची ठरते. त्याऐवजी कुशीवरची पद्धत वापरा. उजवा कान तपासायचा असेल तर रुग्णाला खाटेच्या मधोमध कडेला बसवा, डोकं ४५ अंश डावीकडे वळवा आणि त्याला झटकन उजव्या कुशीवर झोपवा. नाक छताच्या दिशेला तिरकं राहतं. डोकं खाटेवर टेकलेलं असल्यामुळे मान मागे जात नाही. ४५ अंश वळणंही दुखत असेल तर जेवढं वळतं तेवढं वळवून सगळं शरीर तिरकं करा. डोळे उघडे ठेवायला सांगा आणि निदान ३० सेकंद पाहत राहा.

मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत कण असतील तर दोन-चार सेकंदांनी बुबुळं वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे गोल फिरत झटके देऊ लागतात, जोर वाढतो आणि मिनिटाच्या आत ओसरतो. त्यासोबत रुग्णाला त्याची ओळखीची गरगर जाणवते. हे बीपीपीव्ही, म्हणजे कण निसटल्यामुळे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर. झटके लगेच सुरू झाले, थांबलेच नाहीत किंवा खालच्या दिशेने दिसले, तर ते बीपीपीव्ही आहे असं समजून चालू नका. काहीच दिसलं नाही आणि फक्त मान दुखली, तर तेही लिहून ठेवा. दोन्ही बाजू तपासा, आणि पाठीवर झोपवून डोकं दोन्हीकडे वळवत आडवी नलिकाही पाहा. अपघातानंतरच्या बीपीपीव्हीत दोन्ही कान किंवा एकाहून अधिक नलिका बिघडलेल्या असण्याचं प्रमाण जास्त असतं. कण जागेवर न्यायची क्रिया त्यामुळे एकाहून जास्त वेळा करावी लागू शकते, आणि हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. कण जागेवर न्यायच्या दोन नेहमीच्या क्रियांपैकी, मान मागे जात नसेल तर, सेमाँटची क्रिया एप्लीपेक्षा सोयीची पडते.

पाचवी पायरी : आता मान

इथपर्यंत वाट मोकळी असेल तर मानेची नेहमीची तपासणी करा : हालचाली, स्पर्श, खोल स्नायूंची सहनशक्ती. मान पूर्ण वाकवून मग वळवून पाहा. त्यात दोन्ही बाजूंना साधारण ४० ते ४४ अंश वळण मिळतं, ते ३२ अंशांच्या आसपास किंवा खाली आलं तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यातला सांधा आखडलेला असतो. वरच्या मानेवर हलका दाब दिल्यावर रुग्णाची ओळखीची चक्कर येते किंवा कमी होते का, हेही उपयोगी पडतं.

मानेची जाणीव मोजायला डोक्याला बांधायचा लहान लेसर पुरतो. रुग्णाला भिंतीकडे तोंड करून, तिच्यापासून ९० सेंटीमीटरवर, खुर्चीत पाठ टेकून बसवा. डोकं सरळ असताना ठिपका जिथे पडतो तिथे खूण करा. डोळे मिटून मान एका बाजूला आरामात जाईल तेवढी वळवायला सांगा, मग मुळच्या जागी आणून "आलो" म्हणायला सांगा. ठिपका खुणेपासून किती सेंटीमीटर चुकला ते मोजा. पुढच्या वेळेआधी डोळे मिटलेले असतानाच तुम्ही डोकं पुन्हा खुणेवर आणा. डावी, उजवी, वर, खाली, प्रत्येकी सहा वेळा. सरासरी चूक ७ सेंटीमीटरहून जास्त, म्हणजे सुमारे साडेचार अंश, असेल तर मानेकडून येणारी खबर बिघडलेली आहे. आकड्याइतकंच परत येण्याच्या रीतीकडे पाहा. काहीजण खुणेच्या पुढे जाऊन चाचपडत मागे येतात.

यानंतरची चाचणी फिरत्या खुर्चीवर होते. तिचा हेतू कान आणि मान वेगळे काढणं हा आहे. डोळे मिटून आधी डोकं आणि धड एकत्र फिरवा, यात कान हलतो, मान हलत नाही. मग मदतनीसाने डोकं अलगद पण पक्कं धरून ठेवावं आणि तुम्ही फक्त खुर्ची फिरवा, यात मान वळते, कान जागेवर राहतो. प्रत्येक वेळी चक्कर ० ते १० मध्ये किती ते विचारा. फक्त दुसऱ्या प्रकारात चक्कर आली तर पारडं मानेकडे झुकतं. मात्र निरोगी माणसालाही कधीकधी असं होतं, आणि मान वळताना धमन्याही वळतात. म्हणूनच पहिल्या पायरीत शंका राहिली असेल तर ही चाचणी करायची नाही.

याच स्थितीत नजरेची चाचणी जोडता येते. डोकं समोर स्थिर, धड ४५ अंश वळवलेलं, आणि रुग्ण बोटाच्या मागे सावकाश नजर फिरवतो. सरळ बसल्यावर सलग फिरणारी नजर धड वळवल्यावर अडखळू लागली तर तो फरक मानेचा. दोन्ही स्थितींत सारखीच अडखळत असेल तर मानेला दोष देता येत नाही, मेंदूच्या पातळीवर किंवा औषधांत कारण शोधा.

तोल पाहताना पाय जोडून, मग एका पायापुढे दुसरा, डोळे उघडे आणि मिटून, कडक जमिनीवर आणि फोमवर, प्रत्येकी ३० सेकंद उभं करा. रुग्णाच्या मागे उभे राहा, हात तयार ठेवा. डोळे मिटल्यावर फक्त फोमवरच पडायला होत असेल तर कानाचा वाटा पुन्हा तपासा.

सहावी पायरी : जुळवाजुळव

मानेची चक्कर म्हणायला मला हे सगळं एकत्र लागतं : चक्कर आणि मानदुखी यांची वेळ जुळते, धोक्याच्या खुणा नाहीत, कान आणि रक्तदाब स्वच्छ आहेत, आणि मानेच्या चाचण्यांपैकी एकाहून अधिक बिघडलेल्या आहेत. यानंतरही निदान तात्पुरतंच. मानेवर उपचार आणि डोकं-डोळ्यांचे व्यायाम सुरू केल्यावर मानदुखीबरोबर चक्करही उतरत गेली, तर ते पक्कं होतं.

सरमिसळ असेल तर आधी जे लवकर सुटतं ते हातात घ्या. बीपीपीव्ही असेल तर प्रथम ते. गोळ्यांचा संशय असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, रुग्णाला स्वतःहून बंद करायला सांगू नका. चक्कर तीन महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवशी राहिली, उभं राहिल्यावर, चालताना आणि गजबजलेल्या दृश्यांत वाढत असेल, तर सतत टिकून राहणाऱ्या पीपीपीडी (पर्सिस्टंट पोस्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस) या प्रकाराचा विचार करा. बारानी सोसायटीने २०१७ मध्ये त्याचे निकष ठरवले आहेत. तो खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "तुम्हाला काही झालेलं नाही" असं या रुग्णाला सांगणं चूकही आहे आणि क्रूरही.

नोंदीत पाच गोष्टी आकड्यांत असू द्या : चक्करीची तीव्रता, प्रश्नावलीचे गुण, लेसरची सरासरी चूक, डोळे जवळ आणण्याचं अंतर आणि तोल सांभाळल्याचे सेकंद. कोणत्या चाचण्या दुखण्यामुळे करता आल्या नाहीत तेही लिहा, म्हणजे मान सैल झाल्यावर त्यांच्याकडे परत येता येईल. धमनीच्या लक्षणांचे प्रश्न पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक भेटीत पुन्हा विचारा, आधी उत्तर "नाही" आलं असलं तरी. घरी यातलं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कुठे जायचं, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून रुग्णाच्या आणि सोबत आलेल्या माणसाच्या हातात द्या.